बन्सीधर ड्रायव्हरने न पाहिलेलं बेट

राणीसावरगावच्या स्टँडवर, चहाच्या हॉटेलात, बन्सीधर ड्रायव्हरला लोक अजून विचारतात, "काय मालक, सायप्रसला काय काय बगितलं?" बन्सीधर म्हणतो, "लय भारी हाय. डोंगरच डोंगर." आणि बशी तोंडाला लावतो. विमानात बसून परमुलखात जाऊन महिनाभर राहून आलेला माणूस एवढ्यावर भागवतो, हे गावाला पटत नाही. कुणी म्हणतं, पोरीकडून आल्यापासून शिष्ट झाला. कुणी म्हणतं, तो पहिल्यापासूनच घुमा. दोन्ही खोटं आहे. गावाला काय, जीभ उचलून टाळ्याला लावायला काही लागत नाही. खरं सांगायचं तर त्या बेटाच्या आधी बन्सीधरच सांगावा लागेल.

बन्सीधरने एकतीस वर्षं एसटी चालवली. पंचविसाव्या वर्षी स्टेअरिंगवर बसला तो आधी झरीवरून जिंतूरला जाणाऱ्या गाडीवर, मग काही वर्षं पेडगावकडे, आणि शेवटची अठरा वर्षं गंगाखेड ते राणीसावरगाव या डोंगराकडच्या रस्त्यावर. घरची चार एकर जमीन कमलबाईने सांभाळली. एकुलती एक पोर मंजुषा, तीही तिनेच सांभाळली. हा आपला सकाळी अंधारात उठून जायचा आणि दिवस मावळता धुळीने माखून यायचा.

त्याची ख्याती मात्र सरळ गाडी चालवण्याची नव्हती. सरळ गाडी चालवणारे पुष्कळ असतात. बन्सीधरची ख्याती ही, की रस्त्याच्या कडेला कुणी हात केला आणि बन्सीधरची गाडी थांबली नाही, असं झालं नाही. थांबा असो नसो, गाडी खचाखच भरलेली असो, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत असो. हात दिसला की ब्रेक. कंडक्टर रामकिशन वैतागायचा. "आवो, असं जागोजागी थांबायलाव तर गंगाखेड उद्याच गाठू आपून." बन्सीधर म्हणायचा, "हात केलाय कुनीतरी. उगं कोन हात करतंय का?" यापुढे त्याच्याकडे दुसरं कारण नसायचं, आणि रामकिशन तिकिटं फाडायला लागायचा.

मंजू लहानपणी शाळेला याच गाडीतून जायची. ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या गरम झाकणावर गोणपाट टाकून बसायची आणि आधीच ओरडायची, "आण्णा, त्या बाभळीखाली एकजन हाय!" बन्सीधर म्हणायचा, "बगितलं गं." त्याने खरंच तिच्या आधी बघितलेलं असायचं. पोरीला याचा फार अभिमान होता. जगात आपल्या आण्णाइतकी नजर कुणाची नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

आणि मग चार वर्षांपूर्वी एके दिवशी भिवराबाई राहिली.

भिवराबाई म्हणजे गावातली सत्तरीची म्हातारी. फाट्यावर सरपणाची मोळी घेऊन ती उभी होती, आणि दोन्ही हात वर करून उभी होती. बन्सीधरची गाडी तिच्या पुढून निघून गेली. रामकिशनने घंटी मारली तेव्हा गाडी पन्नास पावलं पुढे जाऊन थांबली. भिवराबाई धापा टाकत चढली आणि सगळ्या गाडीसमोर तिने बन्सीधरचा उद्धार केला. "डोळे फुटले का रं तुजे, बन्सीधर?" गाडी हसली. बन्सीधरही हसला. पण म्हातारी त्याला दिसलीच नव्हती.

घरी येऊन त्याने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत होती, पण भिंतीवरचं कॅलेंडर नव्हतं. परभणीच्या डॉक्टराने सांगितलं, काचबिंदू. डाव्या डोळ्यातलं गेलं ते गेलं. उजव्यालाही कडेकडेने लागण आहे, समोरचं दिसेल, बाजूचं जाईल. थेंब घालत राहा, म्हणजे आहे ते टिकेल. बन्सीधर दुसऱ्या दिवशी गाडीवर गेलाच नाही. रजा टाकली आणि रजेतच नोकरी सोडण्याचा अर्ज दिला. अजून दोन वर्षं बाकी होती. लोकांना सांगितलं, गुडघे गेले. मंजूलाही तेच सांगितलं. खरं फक्त कमलबाईला माहीत होतं.

मंजूला का नाही सांगितलं, ते ऐका. पोर नर्सिंग शिकली, पुण्यात दोन वर्षं राबली आणि मग सायप्रसला गेली. तिथे लारनाका नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, त्या गावात म्हाताऱ्या माणसांचं एक निवासगृह आहे, तिथे ती सहा वर्षं काम करते. फोनवर दर आठवड्याला तिचं एकच पालुपद. "आण्णा, तुमाला काई झालं तर एक फोन करा. दुसऱ्या दिवशी मी तिथं." आणि ती बोलते तसं करणारी आहे. बापाचे डोळे चालले हे कळलं असतं तर तिने हातातली नोकरी टाकून गाव गाठलं असतं, आणि राणीसावरगावात बसून बापाला हाताला धरून फिरवलं असतं. बन्सीधरला ते नको होतं. आयुष्यभर त्याने दुसऱ्याला जायचं तिथे पोचवलं होतं. आपल्यापायी आपलीच पोर अर्ध्या वाटेतून माघारी फिरावी, हे त्याला कल्पनेतही सहन होत नव्हतं.

तर असे हे दोघं नवरा-बायको एप्रिलमध्ये, इकडे परभणीत पारा चाळिशी ओलांडत असताना, तिकडे लेकीकडे गेले. तीन आठवडे निभावलं. खोली लहान, माणसं तीन, बन्सीधर भिंतीला हात लावून चालायचा आणि गुडघ्याच्या नावावर खपवायचा. चौथ्या आठवड्यात मंजूने जाहीर केलं, "उद्या माझी सुट्टी. गाडी भाड्यानं घेतलेय. सगळं बेट आडवं पार करायचं. ह्या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत, मधल्या डोंगरावरून. सहा वर्षं ठरवलंय मी हे."

कमलबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने, अंदाजाने, कमलबाईकडे पाहिलं.

सकाळी सहाला निघाले. गाडी लहान, पांढरी, लाल नंबरपाटीची. तिथेही इंग्रजांचं राज्य होऊन गेलेलं, त्यामुळे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या हाताने चालतात आणि स्टेअरिंग उजवीकडे असतं. बन्सीधरला मंजूशेजारी पुढे बसवलं, कारण पुढून चांगलं दिसतं. कमलबाई मागे, मांडीवर भाकरी-ठेच्याचं गाठोडं. कमलबाईने रात्रीच बेत केला होता. डावीकडे बघण्यासारखं काही आलं की ती नवऱ्याच्या डाव्या खांद्याला बोट लावणार, उजवीकडे आलं की उजव्या. आणि काय आहे ते मोठ्याने बोलणार.

"आगं बाई, केवढा निळा समुद्र हा!" डाव्या खांद्याला बोट.

"लय निळा," बन्सीधर डावीकडे मान वळवून म्हणाला. त्याच्या डाव्या डोळ्यापुढे राखेच्या रंगाचं काहीतरी होतं. मान आणखी वळवली की उजव्या डोळ्याच्या नळीत समुद्राचा एक तुकडा यायचा, तोवर गाडी पुढे गेलेली असायची.

तासाभरात रस्ता चढायला लागला. मग वळणं सुरू झाली. मंजू बोलत होती, थांबत होती, दाखवत होती. उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी लावलेले द्राक्षाचे मळे. लाल कौलांची गावं. एका गावात बायका दारात बसून पांढऱ्या धाग्याची नक्षी विणत होत्या, तिथे तिने दोघांना उतरवून गल्लीतून फिरवलं. गल्ली दगडांची आणि उतरती. बन्सीधर कमलबाईच्या खांद्यावर हात ठेवून चालला. मंजूला ते फार गोड वाटलं. तिने मागून फोटो काढला. "गावात कदी असं चाललात का दोघं?" ती हसत म्हणाली. कमलबाईही हसली. हसायला तिला जोर लावावा लागला.

दहा वाजेतो बन्सीधरच्या मानेला रग लागली. माणूस दिवसभर मोळ्या वाहील, पण न दिसणाऱ्या गोष्टीचं कौतुक करत बसणं त्याहून जड. प्रत्येक वळणावर "वा". प्रत्येक वळणावर "काय हाय बग". एकदा कमलबाईचं बोट चुकलं, उजव्याऐवजी डाव्याला लागलं, आणि बन्सीधरने कडेच्या खडकाकडे बघून "काय पाणी हाय!" म्हटलं. मंजू म्हणाली, "धरण इकडंय, आण्णा." "आगं, तेच म्हनायलोय," बन्सीधर म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली. पोर एवढ्या हौसेने वाढत होती आणि हा जेवल्याचं सोंग करत होता.

दुपारी एका जुन्या मठापाशी थांबले. वर जायला दगडी पायऱ्या होत्या, शंभरेक असतील. इथे बन्सीधरने दिवसातली पहिली घोडचूक केली. पायऱ्या म्हणजे त्याच्या मनाजोगं काम. सारख्या उंचीच्या, पायाला कळणाऱ्या, बघायची गरजच नाही. सकाळपासून धडपडून बेजार झालेला माणूस त्या पायऱ्या झपाझप चढून गेला, मंजूच्याही आधी. गुडघे गेलेत, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. वर पोचल्यावर कमलबाई धापा टाकत त्याच्या कानाशी आली. "गुडगं," ती एवढंच म्हणाली. बन्सीधरने लगेच गुडघा धरला. पण मंजूने पाहायचं ते पाहिलं होतं, आणि ती भलतीच खूश झाली होती.

पाइनच्या झाडांखाली भाकरी खाल्ली. भाकरी वातड झाली होती. तिघंही दमली होती. मंजूही दमली होती, ते बन्सीधरला तिच्या आवाजावरून कळलं. आठवडाभर रात्रपाळी करून तिने ही सुट्टी मिळवली होती. "आता सरळ घरी जायचं का गं?" त्याने आशेने विचारलं. "न्हाई न्हाई," मंजू म्हणाली, "खरी गंमत तर फुडंच हाय."

सगळ्यात वरचा माथा ओलांडला. पलीकडचा उतार म्हणजे नुसतं जंगल. त्यातून एक अरुंद डांबरी रस्ता, गाड्या जवळजवळ नाहीतच. मंजूने एका रुंद जागी गाडी बाजूला घेतली, खाली उतरली, वळसा घालून बन्सीधरच्या बाजूला आली, दार उघडलं आणि त्याच्या तळहातावर किल्ली ठेवली.

"चला, आण्णा. तुमी चालवा आता."

बन्सीधरला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तुमचं लायसन मागितलं होतं ना मी फोनवर? कागदावर तुमचं नाव घातलंय. गिअरची गाडी मुद्दाम शोधून घेतलेय. इथं सगळ्या बिनगिअरच्याच मिळतात." तिने पुढच्या वळणाकडे हात केला. "ह्या रस्त्यानं मी पयल्यांदा आले तवाच ठरवलं. म्हटलं, ह्या वळनावरून आण्णाची गाडी जायला पायजे आन् मी शेजारी बसायला पायजे."

लायसनची मुदत अजून होती. मुदत संपली होती ती डोळ्यांची.

"गुडगा दुखायलाय गं," बन्सीधर म्हणाला.

"मगाशी शंबर पायऱ्या पोरावानी चढलात की!"

मागे कमलबाईने सीटच्या पाठीवर बोटाने टक् करून वाजवलं. एकदाच. एसटीत कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, आणि दोन म्हणजे चल. एवढी वर्षं ड्रायव्हरच्या घरात काढलेल्या बाईला ते सांगायला नको, आणि बन्सीधरला ते कळायला नको.

पण किल्ली हातात होती. इथे बन्सीधरची बाजू घेण्यात अर्थ नाही. त्याला थांबता आलं असतं. तो दमला होता, खोटं बोलून बोलून दमला होता, आणि आणखी एक खोटं रचण्यापेक्षा गाडी चालवणं त्याला सोपं वाटलं. शिवाय खरं म्हणजे त्याला हवं होतं ते. चार वर्षं हात रिकामे होते. रस्ता मोकळा आहे, समोरचं दिसतंय, एक मैलभर नेऊ आणि थांबू, असं तो स्वतःला म्हणाला आणि स्टेअरिंगवर जाऊन बसला. मंजू त्याच्या डाव्या हाताला बसली. कमलबाईने डोक्यावरचा पदर ओढून डोळे झाकले आणि देवाचं नाव घेतलं.

गाडी निघाली, आणि काय निघाली! क्लच असा सुटला की बाटलीतलं पाणी हललं नाही. पहिलं वळण, दुसरं वळण. हाताला सगळं आठवत होतं. उताराला कधी गिअर टाकायचा ते कानाला कळत होतं. उजव्या डोळ्याच्या नळीत काळा रस्ता, मधली पांढरी रेघ, एवढंच होतं, आणि तेवढं पुरत होतं. दिवसात पहिल्यांदा तिने काही दाखवलं नाही. बन्सीधरला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की मैल कधी संपला ते त्याच्या लक्षात आलं नाही.

मग मंजू म्हणाली, "आण्णा?"

"हं."

"ती म्हातारी."

"कोन म्हातारी?"

मंजूने मान वळवून मागे रस्त्याकडे पाहिलं. मग ती फार हळू म्हणाली, "थांबवा गाडी."

बन्सीधरने गाडी थांबवली. काय झालं ते त्याला समजलं होतं. मागे रस्त्याच्या डाव्या कडेला कुणीतरी म्हातारी उभी होती, तिने हात केला होता, आणि बन्सीधर ड्रायव्हर तिच्या पुढून निघून आला होता. दुसऱ्या कुणाच्या बापाने असं केलं असतं तर लेकीला त्यात काही वाटलं नसतं. परदेशात कोण कुणासाठी थांबतं? पण ही पोर इंजिनाच्या झाकणावर बसून वाढली होती.

मंजूने हँडब्रेक ओढला. "समोर बगा. मान वळवू नका. तुमच्या डाव्या बाजूला माझा हात हाय. किती बोटं हायत?"

बन्सीधरने समोर पाहिलं. डावीकडे नुसती राख होती. "दोन," तो म्हणाला.

मंजूचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"बास करा आता," मागून कमलबाई म्हणाली आणि रडायला लागली. रडता रडता तिने कनवटीची सुपारीची चंची काढली, चंचीतून थेंबांची बाटली काढली आणि पुढे लेकीच्या हातात दिली. "सकाळ-संध्याकाळ मीच घालते. एक दिस चुकवला न्हाई."

मंजूने बाटलीवरचं नाव वाचलं. नर्सला ते नाव पुरेसं होतं.

"कदीपासून?"

"नोकरी सोडली तवापासून," बन्सीधर म्हणाला. " त्याच्या आदीपासून थोडं."

"म्हंजे गुडघे न्हाईत."

"गुडगे धड हायत."

"आन् दुसरा डोळा?"

"समोरचं दिसतंय. कडंचं जायलंय."

"मला कामून न्हाई सांगितलं?"

"तू आली असतीस."

"आले असते."

"म्हनून."

मंजू रागावली तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर बन्सीधरला सोपं गेलं असतं. ती पुढच्या काचेतून बाहेर बघत म्हणाली, "मी काय करनार ते तुमीच ठरवलं. मला इचारलं बी न्हाई. मी म्हाताऱ्या मान्सांचंच करते हो इथं, आण्णा. दुसऱ्यांच्या आईबापांच्या डोळ्यांत रोज थेंब घालते मी." तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं. "सकाळपासून मी एकटीच फिरायले होते. मला वाटलं, आपून तिघं हाव."

चार वर्षं बन्सीधरला वाटत होतं, आपण पोरीला काहीतरी वाचवतोय. आपण तिला सोडून दिलंय, हे आत्ता कळलं. रस्त्याच्या कडेला हात करून ती चार वर्षं उभी होती, आणि हा पुढून निघून जात होता.

पण पुढचं बोलली ती भलतीच बाई. मागचं दार धाडकन उघडलं आणि मघाची म्हातारी आत आली. मागून चालत आली होती. अंगावर काळे कपडे, डोक्याला काळा रुमाल, हातात रानभाजीने भरलेली पिशवी. कमलबाईला ढकलून तिने जागा करून घेतली, बूड टेकवलं आणि तिच्या भाषेत बन्सीधरचा जो उद्धार सुरू केला, त्यातला एक शब्दही न कळता बन्सीधरला सगळा समजला. भिवराबाई हुबेहूब.

"चुकलं, माय," कमलबाई डोळे पुसत मराठीतून म्हणाली. "दिसत न्हाई त्यांना." आणि तिने स्वतःच्या डोळ्याला बोट लावून हात हलवून दाखवला. म्हातारी गप्प झाली. ड्रायव्हरच्या जागेवर बसलेल्या माणसाला दिसत नाही, हे समजल्यावर तिने आधी छातीवर बोटांनी क्रूस काढला आणि दाराच्या कडीला हात घातला. हे पाहून मंजूला, इतकं सगळं झालेलं असताना, हसू फुटलं. ती खाली उतरली. "सरका, आण्णा," ती म्हणाली.

बापलेकींनी जागा बदलल्या. म्हातारी चार वळणांपलीकडच्या गावात उतरली. उतरताना तिने पिशवीतली मूठभर भाजी कमलबाईच्या पदरात टाकली आणि बन्सीधरच्या खांद्यावर थापटलं. कमलबाईने भाजीचा वास घेतला, कसली आहे ते ओळखायचा प्रयत्न केला, ओळखू आली नाही. दहा मिनिटांत मान टाकून ती झोपली. दिवसभर दोन्ही बाजूंचं एकटीने बघून बोलून तिचा जीव शिणला होता.

गाडी उतरत होती. ऊन कलतं झालं होतं.

"मंजू," शेवटी बन्सीधर म्हणाला, "गावाकडं यायचं का न्हाई, ते तूच ठरव. मी त्यात पडनार न्हाई. ये बी म्हननार न्हाई, येऊ नको बी म्हननार न्हाई."

"ठरवीन," मंजू म्हणाली. "आज न्हाई. उद्या आदी तुमचा डोळा इथल्या डॉक्टरला दाखवू. आज मी लय दमले, आण्णा."

"मी बी," बन्सीधर म्हणाला. कुणी न विचारता सांगितलेलं दिवसातलं हे पहिलंच खरं, असं त्याला वाटलं.

आणखी काही वळणं गेली. मंजूने एकदा काहीतरी दाखवायला हात उचललेला त्याला अर्धवट जाणवला, आणि तो हात तसाच परत स्टेअरिंगवर गेला. मग ती म्हणाली, "डाव्या हाताला दरी हाय."

सवयीने बन्सीधरच्या तोंडात "वा" आलं. ते त्याने गिळलं.

"किती खोल हाय?" त्याने विचारलं.

"लय खोल. तळाशी नदी हाय, पन पानी न्हाई. नुस्ते पांढरे गोटे. त्याच्या पल्याड एक डोंगर, त्याच्या पल्याड दुसरा. शेवटच्या डोंगराच्या वरून थोडासा समुद्र दिसायलाय."

"रस्त्याला कठडा हाय का?"

"कुटं हाय, कुटं न्हाई."

"मग सावकाश घे," बन्सीधर म्हणाला. "आन् सांगत ऱ्हा."